पांढरी पाचच्या जरा वर

परवा ऑफिसात मी खोटं बोलले. तसं खोटं आपण दिवसातून दहा वेळा बोलतो, "पाच मिनिटांत पोचते", "भाजी छान झालीय" छापाचं, आणि त्याचं काही वाटत नाही. याचं वाटलं. मार्चअखेरीचा धबडगा संपल्यावर एचआरमधल्या नव्या मुलीनं सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये गोळा केलं, टेबलावर सामोसे मांडले आणि खेळ सांगितला. प्रत्येकानं आपला एक क्वर्क सांगायचा आणि 'मी म्हणजे हे' असं एक गाणं सांगायचं. क्वर्कला मराठीत काय म्हणावं, याचा मी मनातल्या मनात शोध घेत बसले. खोड म्हणावं तर ती मोडायची असते, लहर म्हणावं तर ती येते नि जाते, आणि चक्रमपणा ही तर दुसऱ्यांनी आपल्याला बहाल केलेली पदवी. 'तऱ्हा' हा शब्द सापडेपर्यंत चौघांचं सांगून झालं होतं. कुणी जानेवारीतही पंख्याशिवाय झोपत नाही, कुणी पार्किंगमध्ये त्याच खांबाशेजारी गाडी लावतो, आणि गाणी म्हणाल तर किशोर, किशोर, आशा, किशोर.

मग एका ट्रेनी पोराची पाळी आली. कराडकडचा आहे, चार महिने झाले लागून, एरवी तोंडातून शब्द फुटत नाही. तो म्हणाला, "मला लग्नात जेवता येत नाही." दोघं-तिघं हसले. तो म्हणाला, "माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो, झांजा धरायला. बँडवाल्यांना शेवटी वाढतात. तोवर बघत बसायचं. आता मला पहिल्या पंगतीला बसवतात, पण घास उतरत नाही." आणि गाणं? तो थोडा थांबला. "वरात संपवून वडील रात्री घरी आले की क्लॅरिनेट पुसून ठेवायच्या आधी एकदा हळू फुंकायचे. आम्ही झोपलेले असायचो म्हणून अगदी हळू. ते काय वाजवायचे माहीत नाही. त्याला नाव नाही." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या लगेच विरल्या. एचआरची मुलगी म्हणाली, "सो ब्युटिफुल," आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, माझी तऱ्हा म्हणजे चहा फार गरम लागतो, आणि गाणं म्हणजे भीमसेनजींचा अभंग. कुठला ते सांगितलं. सगळ्यांच्या माना आदरानं हलल्या. माझ्या वयाच्या, मिरजेच्या, कपाळाला टिकली लावणाऱ्या बाईनं सांगावं असंच ते उत्तर होतं. अभंग मला आवडतो, त्यात खोटं काही नाही. पण तो म्हणजे मी नव्हे. नाव नसलेलं सांगायची वाट त्या पोरानं माझ्या आधी चालून दाखवली होती, मला नुसतं त्या वाटेनं जायचं होतं, आणि मी हमरस्त्यानं निघून गेले. सामोसाही नीट गेला नाही.

खरं उत्तर असं होतं, की मला गाण्याआधीचं आवडतं.

म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधी तानपुरे जुळवतात, ते. खुंटी पिळल्यावर तार कुरकुरत वर चढते, थोडी जास्तच चढते, मग मणी सरकवून तिला परत खाली आणतात, शेजारचा तबलजी हातोडीनं गठ्ठे ठोकत असतो, गवई डोळे मिटून मान नाही-नाही अशी हलवतो, आणि मग एका क्षणी नाही-नाहीचं हो-हो होतं. तिथं माझी मैफल संपते. हे ऐकायला मी पुण्याच्या 'सवाई' संगीत महोत्सवाला जाते. त्या वेळात बाकीचा मांडव भजी आणायला उठलेला असतो. 'चला, अजून जुळवाजुळव चाललीय' असं म्हणत लोक माझ्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर जातात आणि आलाप सुरू झाला की हातात द्रोण घेऊन लगबगीनं परत येतात. तेव्हा मी उठते. आता चहाला रांग नसते, हा व्यावहारिक फायदा. एकदा एका गृहस्थांनी मला रागानं विचारलं होतं, "अहो, आत्ता तर सुरू झालं, निघालात कुठं?" त्यांना काय सांगणार, की माझं झालं म्हणून.

याचं मूळ मिरजेत आहे, आणि कुणाला वाटेल की सतारमेकर गल्लीत आहे. आहेच, पण तो नंतरचा भाग. आधी बाबा. बाबा मिरज जंक्शनला कॅरेज-वॅगनमध्ये होते, रेल्वेवाले ज्याला टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर, म्हणतात त्या कामावर. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन तिच्या कडेकडेनं चालत जायचं आणि एकेक चाक ठोकून बघायचं. चांगलं चाक टण्ण वाजतं आणि तो आवाज थोडा वेळ अंगात धरून ठेवतं. तडा गेलेलं चाक थड्ड म्हणतं आणि गप्प होतं. रात्रपाळीला कुठे धूर, कुठे अंधार, डब्यातली माणसं झोपलेली, आणि हे आपले टण्ण, टण्ण, टण्ण करत पुढे. तेव्हा मिरजेला तीन मापांचे रूळ होते, मोठे, मीटरगेज आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीचे, आणि बाबांचं म्हणणं असं, की तिन्हींच्या चाकांचा स्वभाव वेगळा. स्वभाव हा त्यांचाच शब्द. पुढं बेअरिंग बदलली, यंत्रं आली, हातोडा मागे पडला. पण बाबांच्या हातातून तो गेला नाही. बाजारात माठ घेताना, कपबशी घेताना, नारळ, कलिंगड, कशावरही त्यांचं बोट आधी वाजायचं आणि डोकं जरा तिरकं व्हायचं. आईला या गोष्टीची लाज वाटायची. दुकानदार कप कागदात गुंडाळत असायचा आणि हे सहाच्या सहा कप पुन्हा उघडून टिचकीनं वाजवत असायचे. "अहो, दूध प्यायचं आहे त्यातून, कीर्तन नाही करायचं," असं ती एकदा भर दुकानात म्हणाली होती.

गंमत म्हणजे बाबांना गाणं आवडत नसे. घरातला रेडिओ बातम्यांपुरता. गाण्यातली त्यांना एकच गोष्ट माहीत होती आणि तीही रेल्वेतली म्हणून. अब्दुल करीम खाँसाहेब, आमच्या मिरजेचे, म्हणजे मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे पण मिरजेत राहिलेले आणि मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात पुरलेले. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमालकोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर बिछाना घालायला सांगितलं, तानपुरा जुळवून घेतला, गायले आणि गेले. बाबा ही गोष्ट सांगताना नेहमी एकाच जागी अडायचे. "म्हणजे गाडी थांबली होती की पुढं गेली? सामान कुणी उतरवलं? स्टेशनमास्तरनं काय केलं असेल?" मला मात्र दुसरंच काहीतरी टोचायचं. आपल्याला बरं नाही हे माणसाला कळलंय, आणि तरी तो आधी तानपुरा जुळवून घेतो. घाई करत नाही. जुळवायला किती वेळ लागला असेल त्या दिवशी? बेसुऱ्या तानपुऱ्यावर मरायचं नाही, हे त्यांनी ठरवलं असावं असं मला अजूनही वाटतं, आणि यात मी माझंच काहीतरी त्यांच्या पदरी घालते आहे, हेही कळतं.

शाळेतून येताना मी वाट वाकडी करून सतारमेकरांच्या गल्लीतून यायची. ज्यांचे पूर्वज शस्त्रं घडवायचे आणि काही पिढ्यांपूर्वी तंतुवाद्यांकडे वळले, ती घराणी. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, खाली तुनाच्या लाकडाचा गुलाबी भुसा, सरस शिजल्याचा जनावराच्या अंगासारखा वास आणि त्यावर लाखेच्या पॉलिशचा गोडसर थर. एका दुकानात एक चाचा जवारी काढायला बसायचे. जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीची वरची पाठ कानशीनं घासून तिला इतका बारीक उतार द्यायचा, की तार तिच्यावर टेकते की नाही टेकत, अशी थरथरत राहावी. त्यातून तो झणकार येतो. दोनदा कानस फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. तासन् तास. मी पायरीवर दप्तर घेऊन बसायची. चाचा बोलायचे फार कमी. एक दिवस त्यांनी चारही तारा हळू छेडल्या, पंचम, मधली जोडी, मग सगळ्यांत खालचा खर्ज, आणि विचारलं, "क्या बेटी, किती आवाज आले?" मी म्हटलं चार. ते म्हणाले, "पाचवा ऐक." पुन्हा छेडल्या. पुन्हा चार. मग मी बाबांसारखं डोकं जरा तिरकं केलं. आणि खर्जाच्या वर, कुठून येतोय कळत नाही असा, गंधार, म्हणजे सारेगमतला ग, ऐकू आला. कुणीही न छेडलेला. त्या तारेचा नव्हे, त्या बोटाचा नव्हे, नुसता हवेत उभा राहिलेला. मला एवढी भीती वाटली, की मी दप्तर विसरून घरी पळाले.

त्याला गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात, हे मला पुढं क्लासात कळलं. खर्जाची तार नीट लागली की तिच्या पोटातला तो सूर आपोआप वर येतो. वाद्य चांगलं, जवारी चांगली आणि जुळवणारा धीराचा, असं तिन्ही जमलं तर. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा व्हॉट्सअॅपवर आमच्या शाळेच्या ग्रुपात अभिनंदनाचा पूर आला. मी अंगठा टाकला आणि मला त्या दप्तराची आठवण झाली. चाचांनी ते दुसऱ्या दिवशी बाबांच्या ऑफिसात पोचवलं होतं.

क्लास मात्र टिकला नाही. गाण्याच्या 'मध्यमा' परीक्षेला मी तानपुरा घेऊन बसले, आणि तो लागेना. पावसाळा होता, तारा उतरत होत्या, पंचम लावावा तर जोडी सरकायची. समोर परीक्षक घड्याळाकडे बघत होते. मला वाटत होतं, अजून एक मणी, एवढा अर्धा मणी. शेवटी ते म्हणाले, "बाई, लागला आहे तो. आता गा." मला तो लागलेला ऐकू येत नव्हता. उरलेल्या वेळात घाईघाईनं भूप म्हटला, काठावर पास झाले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही. नवरा हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगतो. त्याचं म्हणणं, मी म्हणजे तिसरी घंटा झाली तरी आत साडीच्या निऱ्या घालत बसलेली नटी. पाहुणे येणार म्हटलं की माझी ताटं मांडून, वाट्या सारख्या करून, पुन्हा सारख्या करून होतात आणि भात लावायचा राहतो. प्रवासापेक्षा मला बॅग भरणं आवडतं. हसण्यावारी नेते मी, पण एखाद्या रात्री ते खुपतं. किती गोष्टी नुसत्या जुळवून ठेवल्या आणि म्हटल्याच नाहीत.

आता फ्रिजबद्दल सांगायला हवं.

आमचा फ्रिज जुना आहे आणि तो पांढरी पाचच्या जरा वर लागतो. पांढरी पाच म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी; मंद्रातली, खालच्या सप्तकातली, घेतली तर सेकंदाला ९८ कंपनं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, मोटरमधलं लोखंड त्याच्या दुप्पट थरथरतं, म्हणजे १००. म्हणून आपल्या देशातले जुने फ्रिज, जुन्या ट्यूबलाइटचे चोक, डीपीचा डबा, सगळे त्याच एका सुरावर घूं करतात. पांढरी पाच सोडून काळी चारच्या वाटेवर एक तृतीयांश चढायचं आणि तिथंच बसून राहायचं. माझी गायची पट्टी काळी चार. म्हणजे तीस वर्षं मी स्वयंपाकघरात अशा एका सोबत्याबरोबर वावरते आहे, जो माझ्यापर्यंत यायला निघाला आणि अर्ध्यातही पोचला नाही. पोळ्या लाटताना मी कधी त्याच्यासाठी खाली उतरून गुणगुणते. मग माझं बरं चालतं, पण हार्मोनियमवर ते कुठंच सापडायचं नाही.

धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा चार रात्री झोप नाही. जेटलॅग, असं सगळे म्हणाले. पाचव्या रात्री पाणी प्यायला उठले, अंधारात फ्रिजजवळ उभी राहिले, आणि कळलं. तिथली वीज ६० हेलकाव्यांची. फ्रिज १२० वर घुमतो. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. दोन्हींकडून सारखंच लांब, कुणाच्याच घरचं नाही. सकाळी बहिणीला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, "ताई, मला इथं येऊन एकोणीस वर्षं झाली, पण सुरुवातीला मला काहीतरी सारखं चुकल्यासारखं वाटायचं ते हेच असेल का गं?" मी म्हटलं, असेल. ते फ्रिजमुळे नव्हतं हे दोघींनाही माहीत होतं. तीही बाबांचीच मुलगी, चहाचा कप ओट्यावर ठेवताना तिनं नखानं वाजवलेला मी बघितला होता.

तानपुऱ्याचं अॅप माझ्या फोनवर आहे. बसमध्ये कानात तेच असतं. डिसेंबरात गाणी ऐकायच्या अॅपनं वर्षभराचा हिशेब दाखवला तेव्हा लेकीनं माझा फोन ओढून घेतला आणि किंचाळली, "आई, तुझ्या पहिल्या नंबरला गाणंच नाहीये!" तानपुऱ्याचा अर्ध्या तासाचा ट्रॅक होता. तिच्या मैत्रिणींत त्याचा स्क्रीनशॉट फिरला. खरं सांगायचं तर अॅपनं माझं समाधान होत नाही. ते कधी उतरत नाही. एसीत नाही, पावसात नाही. जो उतरतच नाही त्याला जुळवणार काय? पण कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडताना पाठीमागं काहीतरी आधाराला लागतं.

बाबा शेवटी शेवटी ऐकू न येण्यानं चिडचिडे झाले होते. कानाचं मशीन आणलं, बसवलं, आम्ही तिघी समोर उभ्या राहून "बाबा, ऐकू येतंय?" म्हणून ओरडत होतो. त्यांनी आमच्याकडे बघितलंही नाही. ताटातला चमचा उचलला, स्टीलचा पेला वाजवला, डोकं तिरकं केलं. पुन्हा वाजवला. "ठीक आहे," म्हणाले, "जाऊ द्या गाडी."

खोटं बोलल्याला आठ दिवस झाले असतील. सकाळी लवकर पोचले होते, ऑफिसच्या पँट्रीत चहा ओतून घेत होते, तर तो पोरगा आला. म्हणाला, "मॅडम, तुमचा अभंग मी ऐकला. तीनदा. वडिलांनाही पाठवला. ते म्हणाले, मॅडमना गाण्यातलं कळतं." माझ्या हातातला कप बशीवर वाजला. यावर 'वा' म्हणून जाता आलं असतं. मी म्हटलं, "अरे, ते मी उगाच सांगितलं होतं." आणि मग चहा गार होईपर्यंत त्याला सगळं सांगत बसले, जवारी, गंधार, परीक्षा. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर मॅडमच्या प्रकृतीची काळजी दिसायला लागली होती. कोपऱ्यात पँट्रीचा फ्रिज होता, आमच्या घरच्याचा थोरला भाऊ शोभेल असा. मी म्हटलं, "हा ऐक. डोकं जरा असं तिरकं कर."

त्यानं केलं. बराच वेळ ऐकलं. मग फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, मला फक्त फ्रिज ऐकू येतोय."

मी हसले. तेवढ्यात कॉम्प्रेसर थडथडून बंद पडला, आणि पँट्रीतून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. त्यानं झटकन मान वर केली.

"हां," तो म्हणाला. "गेला."

"वडील कुठल्या पट्टीत वाजवायचे रे, रात्री?" मी विचारलं. त्यानं ओठ जरा पुढं काढले, जीभ मागं घेतली, जसं रीड तोंडात धरल्यावर होत असेल, आणि आवाज न करता काहीतरी आठवून बघितलं. "सांगतो," म्हणाला, "हा परत सुरू होऊ दे. मग ह्याच्यावरून सांगतो." चहाचे कप ओट्यावर ठेवून आम्ही दोघं फ्रिजकडे बघत उभे राहिलो.